स्लॅबचा हिशेब मिस्त्रीच्या तोंडावर सोडू नका

आमच्या बाजारातला माणूस ताका हातात घेतो तेव्हा आधी पन्हा पाहतो, मग मीटर मोजतो आणि मग भावाला हात घालतो. शंभर मीटरच्या ताक्यात दोन मीटर कमी भरले तर चलनावर शेरा मारून माल परत पाठवतो. हाच माणूस भाईंदरला गाळ्यावर मजला चढवायला निघाला, की मिस्त्री म्हणेल तितक्या गोण्या आणि मुकादम म्हणेल तितके ब्रास मुकाट्याने मागवतो. ताक्यात दोनशे रुपयांची तूट आली तर रात्रभर झोप न येणारे लोक स्लॅबच्या कामात काही हजारांची तूट "बांधकामात असे होतच असते" म्हणून सोडून देतात. हे आम्ही गेली अनेक वर्षे पाहत आलो आहोत. आम्ही कापडवाले, इंजिनियर नाही. पण हा हिशेब इंजिनियरच व्हायला हवा असा कठीण नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसून, पेन्सिल आणि एक कागद घेऊन अर्ध्या तासात होणारा आहे.

मिरा-भाईंदर हा तसा मिठागरांचा आणि गावठाणांचा मुलूख. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. मुंबईत जागा परवडेना म्हणून आमच्यापैकी कितीतरी कुटुंबे नयानगरात राहायला आली आणि धंद्याचे गाळे भाईंदर पूर्वेला घेतले. कोणाचे स्टीलच्या भांड्यांचे, कोणाचे प्लॅस्टिकचे, कोणाचे शिलाईचे काम. त्या वेळी पत्र्याच्या छपराखाली सुरू झालेले धंदे आता वाढले आहेत आणि प्रत्येकाला पत्रा काढून स्लॅब हवा आहे. शिवाय जुन्या इमारतींचे गळके स्लॅब तोडून नव्याने टाकायचे काम सोसायट्यांपुढे उभे आहेच. तेव्हा हा विषय आज कोणालाही परका नाही.

तिसरे माप

आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा घनफळाला 'हजम' म्हणत आणि रुंदीला 'अर्ज'. गंमत अशी की कापडाच्या पेढीवर पन्ह्याला 'अर्ज' म्हणणारे जुने लोक अजून भेटतात. म्हणजे शब्दसुद्धा एकच आहे. फरक एवढाच, की कापडाला लांबी आणि अर्ज ही दोनच मापे लागतात. स्लॅबला तिसरे माप लागते, ते जाडीचे. आणि सारा घोटाळा या तिसऱ्या मापात होतो.

उदाहरणादाखल एक गाळा घेऊ. लांबी ४० फूट, रुंदी २५ फूट, स्लॅबची जाडी ५ इंच. चाळीस गुणिले पंचवीस म्हणजे १००० चौरस फूट. पाच इंचाचे फूट करायचे तर पाचाला बाराने भागा, ०.४१७ येते. हजाराला त्याने गुणले की ४१७ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ४.१७ ब्रास. रेडीमिक्सवाला घनमीटरमध्ये बोलतो. एका घनमीटरला ३५.३१ घनफूट, तेव्हा त्याच्या भाषेत हे ११.८ घनमीटर झाले.

आता चूक किती महाग पडते ते पाहा. लांबी मोजताना पूर्ण एक फूट चुकला, ४० ऐवजी ४१ धरले, तर फरक पडतो दहा-साडेदहा घनफुटांचा. सिमेंटच्या अडीच गोण्याही नाहीत. पण जाडी फक्त एक इंच चुकली, पाचाऐवजी सहा इंच पडली, तर फरक ८३ घनफुटांचा. म्हणजे आठपट! सुमारे १९ गोण्या सिमेंट आणि त्या मानाने रेती-खडी वेगळी. शिवाय खालच्या कॉलमवर जवळजवळ सहा टनांचा फुकटचा बोजा कायमचा बसला तो निराळाच. आणि उलट बाजूने जाडी एक इंच कमी पडली, तर पैसे वाचले असे समजून खूश होऊ नका. तो स्लॅब इंजिनियरने ठरवलेला स्लॅबच नव्हे.

म्हणून टेप घेऊन चाळीस फूट पुन्हापुन्हा मोजत बसण्यापेक्षा सेंट्रिंगकडे पाहा. फळ्या किंवा लोखंडी प्लेटा कुठे झोल खाऊन बसल्या आहेत काय? खालचे टेकू मऊ जमिनीवर तर उभे नाहीत? येथली बरीच जमीन भरावाची आहे. टेकूखाली जाड फळी नसेल तर ओल्या काँक्रीटच्या वजनाने तो खचतो, सेंट्रिंगला पोट येते आणि त्या पोटात तुमच्या गोण्या जातात. भरणीच्या दिवशी एका सळईच्या तुकड्यावर पाच इंचावर खूण करून ठेवा आणि ओल्या काँक्रीटमध्ये दहा-पंधरा ठिकाणी खुपसून पाहा. मिस्त्री कुरकुर करील. करू द्या.

बीम विसरलात तर निम्मे विसरलात

बहुतेक लोक वरचा सपाट भाग मोजतात आणि हिशेब झाला असे समजतात. पण स्लॅब हवेत तरंगत नाही. त्याच्याखाली बीम असतात आणि ते त्याच दिवशी, त्याच मालात भरले जातात.

आपल्याच गाळ्याचे पाहू. समजा इंजिनियरच्या नकाशात दर दहा फुटांवर एक आडवा बीम आहे. म्हणजे २५ फुटांचे पाच बीम, रुंदी ९ इंच, एकूण उंची २४ इंच. या २४ इंचांत वरचे ५ इंच स्लॅबचेच आहेत, ते आपण मोजून बसलो आहोत. तेव्हा बीमची उंची धरायची १९ इंच. हे ध्यानात ठेवावे, कारण काही ठेकेदार बिलात पूर्ण २४ इंच लावतात आणि स्लॅबही पूर्ण लावतात. तीच जागा दोनदा विकली जाते. पाच बीम गुणिले २५ फूट गुणिले पाऊण फूट गुणिले १.५८ फूट, मिळून १४८ घनफूट. कडेचे दोन लांब बीम १८ इंचांचे. स्लॅब वजा करून १३ इंच. आडवे बीम जेथे त्यांना मिळतात ती जागा सोडून दोन्ही मिळून लांबी साडेबहात्तर फूट भरते. त्यांचे ५९ घनफूट.

दोन्ही मिळून २०७ घनफूट. सपाट स्लॅब होता ४१७. म्हणजे बीम हे स्लॅबच्या निम्म्याइतके निघाले! एकूण बेरीज ६२४ घनफूट, ६.२४ ब्रास, १७.६७ घनमीटर. ज्याने फक्त सपाट भाग मोजून माल मागवला त्याचे काँक्रीट दोन तृतीयांश कामावर संपेल, आणि तेही दुपारी, मजूर जेवायला बसण्याच्या सुमारास.

प्रत्येक गाळ्यात हे प्रमाण निम्म्याचेच असेल असे नाही. घराचे लहान खण असतील तर ते बरेच कमी येते. जिन्याच्या पायऱ्या आणि छज्जा ही त्यात वेगळी भर. सळया जागा व्यापतात म्हणून त्यांचे घनफळ वजा करावे का, असे पुष्कळ जण विचारतात. करू नये. मोजमापाच्या भारतीय मानकातही ते वजा करत नाहीत, कारण ते फार थोडे असते.

गोण्या, रेती, खडी

जागेवरच मिक्सर लावून माल करायचा असेल तर पुढची पायरी गोण्यांची. मिस्त्री लोक 'एकास दीड, तीन' म्हणतात ते प्रमाण, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी. यालाच इंजिनियर एम २० म्हणतात. येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कोरडा माल मोजला तेवढाच ओला होऊन मिळत नाही. खडीच्या पोकळीत रेती जाते, रेतीच्या पोकळीत सिमेंट जाते, आणि सगळे मिळून आटते. म्हणून एक घनफूट पक्क्या काँक्रीटसाठी कोरडा माल सुमारे १.५४ घनफूट धरायचा रिवाज आहे. आपल्या ६२४ ला १.५४ ने गुणा, ९६१ येतात. एक, दीड आणि तीन यांची बेरीज साडेपाच. ९६१ ला साडेपाचाने भागा, १७५ घनफूट सिमेंट. पन्नास किलोची गोणी सव्वा घनफुटाच्या किंचित आत भरते, तेव्हा सुमारे १४३ गोण्या. रेती सिमेंटच्या दीडपट, २.६२ ब्रास. खडी रेतीच्या दुप्पट, ५.२४ ब्रास. घाईत असाल तर एवढेच लक्षात ठेवा, की या प्रमाणात एका घनमीटरला आठ गोण्या आणि एका ब्रासला तेवीस गोण्या लागतात. मिक्सर नसून हाताने माल कालवायचा असेल तर सिमेंट दहा टक्के जास्त धरतात.

रेतीत मात्र एक मेख आहे आणि कापडवाल्यांना ती पटकन कळेल. कोरे सुती कापड पाण्यात टाकले की आटते. रेतीचे उलटे आहे, ती ओलसर झाली की फुगते. पाच टक्के ओलावा असलेली रेती पंचवीस टक्क्यांपर्यंत फुगलेली असू शकते. डंपर शिगोशीग दिसतो, पावती तीन ब्रासची असते, आणि कणांच्या हिशेबाने माल असतो अडीच ब्रासच्याही आत. ताडून पाहायचे असेल तर एका सरळ बादलीत रेती सैलसर भरा, वरून पाणी ओतून पूर्ण बुडवा आणि काडीने ढवळा. रेती जितकी खाली बसली तितकी ती फुगलेली होती. पावसाळ्यानंतरच्या खरेदीत तर हे जरूर करावे.

खाडीच्या रेतीबद्दलही दोन शब्द. वसईच्या खाडीच्या रेतीवर या भागातल्या इमारतींच्या पिढ्या उभ्या राहिल्या. ती रेती खारी. नीट धुतली नाही तर मीठ काँक्रीटमध्ये जाते आणि आतली सळई गंजू लागते. गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबचा खालचा थर फोडून बाहेर येते. जुन्या इमारतींमध्ये छताचे पोपडे पडलेले आणि लाल सळया दिसतात, ते केवळ गळतीचे काम नसते. आता बहुतेक ठिकाणी दगड दळून केलेली क्रश सँड मिळते. तिला मिठाची भीती नाही. पण तिच्यात धूळ किती आहे ते मुठीत चोळून पाहावे.

माल मोजायला घमेले वापरू देऊ नका. एकाचे घमेले काठोकाठ, दुसऱ्याचे शिगेसह, संध्याकाळी थकलेल्याचे अर्धे. लाकडाचा एक खोका करून घ्या, आतून ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ४० उंच. तो बरोबर ३५ लिटरचा, म्हणजे एका गोणीच्या मापाचा होतो. एका गोणीला रेतीचे दीड खोके, खडीचे तीन. पाणी गोणीमागे ३० लिटरच्या वर जाऊ नये, आणि रेती ओली असेल तर त्यातूनही कमी. मजुरांना पातळ माल आवडतो, कारण तो आपोआप पसरतो. पण जे पाणी जास्त घातले ते पुढे उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. गज कमी भरला तर गिऱ्हाइकाला कळते. पाणी जास्त झाले ते स्लॅब गळू लागेपर्यंत कोणाला कळत नाही.

खाऱ्या हवेचा दर्जा

आता एक महत्त्वाची गोष्ट. वरचा एम २० चा हिशेब आम्ही शिकण्यासाठी दिला. मिरा-भाईंदरला एका बाजूस वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरे. भारतीय मानकांच्या आयएस ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत लोखंडी काँक्रीटसाठी एम २० हा कमीत कमी दर्जा सांगितला आहे, तोही सौम्य हवेसाठी. १९७८ च्या आवृत्तीत एम १५ सुद्धा चालत असे; आमच्या भागातल्या जुन्या स्लॅबांचे दुखणे काही अंशी तेथलेच. किनाऱ्याच्या हवेला उघडे असलेले काँक्रीट याच संहितेत 'तीव्र' वर्गात येते आणि त्याला एम ३० सांगितले आहे, तसेच सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटरचे पांघरूण. आतल्या, झाकलेल्या भागाला इंजिनियर कमी सांगू शकेल. तो त्याचा अधिकार. पण एम २० च्या वरचा माल 'एकास दीड, तीन' अशा तोंडी प्रमाणाने करायचा नसतो. त्याचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरवून घ्यावे लागते आणि गोण्यांचा आकडा तेथून येतो. घनफळाचा आपला हिशेब मात्र तोच राहतो. ६२४ घनफूट हे ६२४ घनफूटच.

पांघरुणासाठी सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक लागतात. स्वस्तातले काम असे होते की सळई सरळ प्लेटेवर पडते आणि चालणाऱ्याच्या पायाने आणखी दबते. ब्लॉक दोन-तीन रुपयांचा असतो हो!

रेडीमिक्स मागवताना

मोठ्या कामाला आता रेडीमिक्सच येते. गाडी साधारण सहा घनमीटरची. आपला हिशेब १७.६७, म्हणजे तीन गाड्यांचे १८ पुरेसे वाटतात. तसे नाही. पंपाच्या पाइपात राहिलेले, सांडलेले, सेंट्रिंगच्या फटीतून गेलेले धरून तीन ते पाच टक्के जास्त लागते. हिशेब सव्वाअठरा ते साडेअठरा होतो. अर्ध्या घनमीटरसाठी चौथी गाडी मागवणे जिवावर येते आणि न मागवावे तर एक कोपरा उघडा राहतो.

यावर जाणते लोक असे करतात. पहिल्या दोन गाड्या पूर्ण मागवतात. दुसरी रिकामी होत आली की राहिलेला भाग टेपने मोजतात, जाडी सळईने पाहतात, आणि मग प्लँटला फोन करून शेवटचा आकडा सांगतात. त्या वेळी तिसरी गाडी भरायची असते. उरलेला आकडा गाडीत मावेनासा असेल तर ती थोडी वाटणी चौथ्या लहान गाडीत टाकता येते, किंवा त्याच दर्जाचा थोडा माल जागेवर करायची तयारी इंजिनियरला विचारून आधीच ठेवता येते. फोनची वेळ मात्र रस्त्याच्या हिशेबाने धरावी. दहिसरचा नाका, काशिमिऱ्याचे सिग्नल, घोडबंदर रस्त्यावरची गर्दी आपल्याला सांगायला नकोच. अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात, त्या वाहतूक पोलिसांकडून आधी विचारून घ्याव्यात. मालाला पाणी लागले की घड्याळ सुरू होते. गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी. उशिरा आलेल्या गाडीत ड्रायव्हरने नळी लावून पाणी सोडलेले दिसले तर ती गाडी परत पाठवायची हिंमत ठेवा.

गाडीत खरोखर सहा घनमीटर आहे का, हेही पाहता येते. ओल्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी एकाच वजनकाट्यावर घाला. फरक साडेचौदा टनांच्या आसपास यायला हवा. बारा टन आला तर पाचच घनमीटर आले. आपण कापसाच्या आणि सुताच्या गाठी अशाच तर घेतो. त्याच गाडीतून तपासणीचे ठोकळे भरून घ्या. सोळा ते तीस घनमीटरच्या कामाला संहितेप्रमाणे तीन नमुने लागतात, प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. अठ्ठावीस दिवसांनी ते प्रयोगशाळेत फोडून दर्जा कळतो.

भरणी सुरू झाली की मध्ये थांबू नये. पहिला माल आवळल्यावर त्याच्या शेजारी दुसरा टाकला तर दोघे एकजीव होत नाहीत, सांधा राहतो, आणि पुढच्या पावसात पाणी नेमके तेथूनच उतरते. थांबण्याची पाळी आलीच तर कुठे थांबायचे हे इंजिनियरने आदल्या दिवशी सांगून ठेवलेले असावे. म्हणून तर आधीपासून हा सारा हिशेब. काँक्रीट कमी पडणे हा पैशाचा प्रश्न नाहीच.

वर काय ठेवणार?

घनफळ कितीही बरोबर काढले तरी एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या धंद्यातल्या लोकांना सर्वांत जास्त लागू आहे. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून रचतात. म्हणजे चौरस फुटाला १९ किलोच्या आत. गोदामासाठी मानकात कमीत कमी ७५० किलो धरायला सांगितले आहे, चौरस फुटाला ७० किलो, आणि थप्पी उंच असेल तर उंचीच्या दर मीटरला २४० किलो या हिशेबाने आणखी. चौपटीचा फरक!

आता समजा कापडाची एक गाठ दोन फूट बाय अडीच फूट आहे, वजन साठ किलो, आणि अशा सात गाठी एकावर एक रचल्या. पाच चौरस फुटांवर ४२० किलो. म्हणजे चौरस फुटाला ८४ किलो. हीच थप्पी राहत्या इमारतीतल्या खोलीत गोदाम म्हणून रचलेली आम्ही नयानगरात आणि इतरत्रही पाहिली आहे. भाडे कमी पडते म्हणून लोक हे करतात. वरच्या मजल्यावर माणसे राहतात, खालच्या मजल्यावर माणसे राहतात. तेव्हा इंजिनियरकडे जाताना "एक स्लॅब टाकायचा आहे" एवढेच सांगू नका. त्यावर काय ठेवणार, किती उंच रचणार, शिलाईची यंत्रे येणार की स्टीलचे प्रेस, हे लिहून द्या. जाडी, बीम, सळया सारे त्यावरून ठरते, आणि आपल्या ६२४ घनफुटांचा आकडाही त्यावरूनच निघतो. जुन्या कॉलमवर नवा स्लॅब चढवायचा असेल तर ४४ टन नुसत्या काँक्रीटचे वजन आणि वर ७० टन मालाचे, हे ते कॉलम आणि त्यांचा पाया पेलतील काय, हे तपासल्याशिवाय एकही गोणी मागवू नये. महानगरपालिकेची परवानगी त्याच्याही आधी. तीस वर्षे झालेल्या इमारतींची रचना तपासणी कायद्याने सक्तीची आहे, तो कागद पाहिल्याशिवाय जुना गाळा विकतही घेऊ नये.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ जण गेले. तिच्यात काम अपुरे असतानाच माणसे राहायला आली होती. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पडली, ३८ हून अधिक लोक गेले. दोन्ही वस्त्या आमच्या रोजच्या जाण्यायेण्यातल्या. भिवंडीत तर आमच्या बाजारातल्या निम्म्या लोकांची देणी-घेणी आहेत. त्या इमारती कशाने पडल्या याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. पण मजला चढवताना परवानगीचा कागद "नंतर पाहू" म्हणणारे आमच्यातच आहेत, आणि ते ज्या स्वस्त ठेकेदाराचे नाव एकमेकांना सांगतात तो नकाशासुद्धा मागत नाही.

भरणी झाल्यावर

स्लॅब भरला, मजुरांना बिर्याणी झाली, की मालकाचे लक्ष उडते. पाणी मारणे मात्र तेव्हाच सुरू होते. साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला किंवा स्लॅग सिमेंटला दहा दिवस, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात चौदा दिवस केले तर उत्तम. स्लॅबवर सिमेंटच्या पाळी घालून पाण्याचे वाफे करतात, ते सर्वांत चांगले. बोअरचे खारे पाणी वापरू नये; आपल्याकडे टँकरचे पाणी कुठून भरले हे विचारायची पद्धत नाही, ती पाडावी.

टेकू काढण्याची घाई ठेकेदाराला असते, कारण त्याच्या प्लेटांचे भाडे चालू असते. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या खणाखालचे स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापुढच्या खणाला चौदा. बीमचे सहा मीटरपर्यंत चौदा दिवस आणि त्याहून लांब बीमला एकवीस. आपल्या गाळ्यातले आडवे बीम २५ फुटांचे, म्हणजे साडेसात मीटरच्या वर. तेव्हा त्यांच्याखालचे टेकू तीन आठवडे हलू देऊ नका, आणि पीपीसी वापरले असेल तर आणखी किती ते इंजिनियरला विचारा. हे दिवस ठेक्याच्या कागदातच लिहून घ्यावेत, आणि दर चौरस फुटावर आहे की ब्रासवर, बीम त्यात धरले आहेत की वेगळे, हेही.

शेवटी रिकाम्या गोण्या. त्या फेकू देऊ नका, भंगारवाल्याला देण्याआधी मोजा. वरच्या एम २० च्या कामात हिशेबाने १४३ लागायला हव्या होत्या. १५० निघाल्या तर ठीक, तेवढे इकडेतिकडे होते. १६५ निघाल्या तर सेंट्रिंगने पोट काढले आहे किंवा गोण्या दुसऱ्या कामावर गेल्या आहेत. स्लॅबची जाडी तपासली की कोणते ते कळेल. आणि १२० च निघाल्या तर पैसे वाचल्याचा आनंद न करता त्याच दिवशी इंजिनियरला बोलवा आणि टेकू तसेच राहू द्या.